मारिनेरोची बाजू

मुलांनो, जरा वेळ माझ्याबरोबर या. डोळे मिटले तरी चालतील. समोर राखाडी वाळूचा उतार आहे, पायाखाली खचणारा. वारा दक्षिणेकडून येतोय, म्हणजे समुद्राकडं तोंड केलं की आपल्या डाव्या हाताकडून. तोंड उघडलं की दातांत वाळू. पुढं समुद्र आहे, पण तुम्ही सहलीला गेल्यावर पाहिला असेल तसला नाही. लाटा घराएवढ्या उठतात, फुटतात, आणि मागं जाताना किनाऱ्यावरचे गोटे असे खडखडवतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. उजव्या हाताला काळे खडक आहेत. एरवी त्यांच्यावर समुद्रसिंह लोळत पडलेले असतात. आज एकही नाही. त्यांनासुद्धा कळलंय.

आता त्या वाळूवर एक मुलगी उभी करा. दहा वर्षांची, पायात आईचे रबरी बूट, पुढं कापडाचे बोळे कोंबलेले. तिचं नाव नोल्फा. ती डांबर लावलेल्या खांबांच्या रांगेमागं उभी आहे, कारण समुद्र चिडला की पोरांनी त्या खांबांपुढं जायचं नाही, हा लास चोल्गास गावाचा नियम. आणि लांब, लाटांच्या पलीकडं, एक पिवळा ठिपका वर येतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. वल्ह्याला पिवळा रेनकोट बांधून कुणीतरी हलवतंय.

तो नोल्फाचा बाप बेलार्मिनो, बरोबर एक गडी. त्याच्या होडीचं नाव पोर्फियादा, म्हणजे हट्टी. पण आज होडीचं इंजिन हट्टाला पेटलं होतं. ते बंद पडलं होतं, आणि वारा होडीला हळूहळू त्या काळ्या खडकांकडं ढकलत होता.

सकाळी पाच होड्या गेल्या होत्या. समुद्र अचानक फुगला तशा चार परत आल्या आणि गावाच्या ट्रॅक्टरनं त्या एकेक करून वाळूवर ओढून घेतल्या. चौथी ओढताना एक लाट ट्रॅक्टरच्या डोक्यावरून गेली. इंजिनात खारं पाणी शिरलं. आता तो पाण्यात एका कुशीवर कलंडून पडला होता आणि प्रत्येक लाट त्याला थोडी आणखी वाळू खाऊ घालत होती.

ट्रॅक्टर चालवणारा एलादियो कमरेपर्यंत भिजून थरथरत होता. तो नोल्फाचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानंच तिला हातांवर धरलं होतं आणि तेव्हापासून दोन्ही घरची मोठी माणसं एकमेकांना कोम्पाद्रे, कोमाद्रे म्हणत, अहो-जाहो करत.

"छोटी होडी पाण्यात घालायची," तो ओरडला. "मी आणि हे दोघं जातो. दोरी टाकून कोम्पाद्रेला ओढून आणतो. नौदलाची बोट यायची तर दुपार होईल. तोवर खडक वाट बघणार नाहीत."

"घालणार कशानं पण?" नोल्फाची आई एर्सिरा म्हणाली. "खांद्यावर घेऊन?"

छोटी होडी दोन चाकांच्या गाड्यावर बांधून तयार होती. माणसांनी तो गाडा ढकलून बघितला. आधीच दमलेली माणसं ती. पहिल्याच लाटेनं गाडा आडवा फिरवला आणि एकाचा पाय चाकाखाली जाता जाता वाचला. मागून हातानं ढकलावं तर लाट गाडा उलटा ढकलणाऱ्याच्याच अंगावर आणते. होडी पाण्यात न्यायची तर पुढून ओढणारं किंवा मागून रेटणारं काहीतरी जडच हवं.

"माझी पिकअप आहे की," वेन्सेस्लाओ म्हणाला. तो मासळीचा व्यापारी. सगळे त्याला वेन्चो म्हणत. पिकअप नवी होती, लाल, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, आणि तो तिला रोज गोड्या पाण्यानं धूत असे, त्यावरून गाव त्याची चेष्टा करी. आज त्यानं चावी काढताना क्षणाचाही विचार केला नाही.

उपड्या घातलेल्या एका होडीवर नोल्फाचे आजोबा बसले होते, ताता औदिलियो. गेल्या हिवाळ्यात पडल्यापासून दोन काठ्यांशिवाय त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. समुद्रात होता तो त्यांचा मुलगा. ते म्हणाले, "वेन्चो, गाडी तुझी चांगली आहे. पण चाकं बारीक आहेत आणि वजन सगळं पुढं. आत जाईल रे. बाहेर कशी येईल ते बघ."

"दुसरं काय आहे, ताता?"

"बैल आहेत."

"बैल वर टेकडीवर आहेत," एलादियो म्हणाला. "गाडी इथं उभी आहे."

खरं होतं ते. ताता वाद घालत बसले नाहीत. त्यांनी नोल्फाकडं बघितलं. "पोरी, पळ. दोघांना घेऊन ये. जू आणू नकोस, तुला उचलणार नाही. होड्यांचं मोठं जू खाली शेडमध्येच टांगलेलं आहे."

नोल्फा पळाली.

एके काळी लास चोल्गासच्या सगळ्या होड्या बैलच ओढत. आठ वर्षांपूर्वी मच्छीमारांच्या बैठकीत ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं, आणि सगळ्यांत आधी हात वर केला तो तातांनी. लोकांना वाटलं होतं म्हातारा भांडेल. ताता म्हणाले, "मी चाळीस वर्षं पहाटे थंड पाण्यात बैल घातलेत. त्यांना विचारा, ते पण हात वर करतील." बाकीच्यांनी आपापले बैल विकले. तातांनी क्लावेल आणि मारिनेरो ठेवले, शेवाळाच्या मोळ्या आणि सरपण वाहायला. क्लावेल तांबूस, शांत. मारिनेरो काळा, मोठा, जरा तापट. गेल्या वर्षी काट्यानं त्याचा डावा डोळा गेला. तेव्हापासून त्या बाजूनं कुणी आलं की तो शिंग उगारी. निमूट चालायचा तो फक्त ताता नाहीतर नोल्फा उजव्या अंगाला, दिसेल अशी असली तरच. नोल्फा खिशात भाजलेलं पीठ ठेवायची आणि तळहातावर त्याला चाटायला द्यायची.

गोठ्याचं फाटक उघडेना. कडी गंजलेली. "उघड ना ग, उघड," ती कडीलाच म्हणाली. मग दोन्ही दोऱ्या हातात घेऊन ती टेकडीच्या कडेला आली आणि तिला खालचं सगळं एकदम दिसलं.

लाल पिकअप उलटी चालत गाडा पाण्याकडं नेत होती. कोरड्या वाळूवर ती छान गेली. ओल्या वाळूवरही गेली. मग लाट आली, तिच्या मागच्या चाकांवर फुटली आणि मागं वळताना चाकांखालची वाळूच घेऊन गेली. गाडी बसली, एखादी कोंबडी अंड्यांवर बसावी तशी, पोट टेकून. वेन्चोनं जोर दिला तशी चाकं जागच्या जागी फिरून आणखी खोल गेली. दुसरी लाट दारापर्यंत आली. नोल्फानं बघितलं, माणसं गाडा पिकअपपासून सोडवतायत, वर खेचतायत, आणि वेन्चो खिडकीतून बाहेर पडतोय.

पिवळा ठिपका आता खडकांच्या बराच जवळ होता.

ती उतारावरून बैल घेऊन खाली आली तेव्हा एलादियोनं तिच्या हातातल्या दोऱ्या हिसकल्यासारख्याच घेतल्या. "शाब्बास! जू आणा रे!" आईनं तिला दंडाला धरून खांबांमागं ओढलं.

एलादियो नवखा नव्हता. ट्रॅक्टर यायच्या आधी पंधरा वर्षं त्यानं हेच काम केलं होतं, आणि हात विसरत नाहीत. त्यानं मोठं जू शिंगांमागं टेकवलं, चामड्याच्या वाद्या गुंडाळल्या, आवळल्या. मारिनेरो डावीकडं, क्लावेल उजवीकडं. गावानं ही जोडी कायम अशीच बघितली होती. मारिनेरो दांडगा, म्हणून लाटांच्या अंगाला तोच.

नोल्फा ओरडली, "पाद्रिनो, उलटं! उलटं झालंय!"

कुणाला ऐकू गेलं नाही. डोळा गेल्यावर तातांनी बाजू बदलल्या होत्या, आंधळी बाजू आत, क्लावेलला चिकटून राहावी म्हणून. पण ते वर, शेतात. खाली किनाऱ्यावर बैलांना आठ वर्षांत कुणी जुंपलेलं बघितलंच नव्हतं.

ती तातांकडं धावली. "ताता, त्यांनी मारिनेरोला डावीकडं घेतलंय!"

म्हातारा दोन्ही काठ्यांवर उठून उभा राहिला. "एलादियोऽ!" त्यांनी छाती फुटेल अशी हाक मारली. गोटे खडखडले आणि हाक त्यांच्या दाढीतच राहिली.

बैल पाण्यात शिरले. गुडघा, मांडी. मग डावीकडून लाट आली. क्लावेलनं ती बघितली आणि पाय रोवले. मारिनेरोला ती दिसलीच नाही. पाण्याची भिंत त्याच्या आंधळ्या बाजूवर आदळली, तसा तो किंचाळल्यासारखा हंबरला आणि उजवीकडं, क्लावेलच्या अंगावर गेला. जू पिळलं. एलादियो शिंगाच्या धक्क्यानं पाण्यात पडला. दोन्ही बैल गाडा फरपटत किनाऱ्याकडं धावत सुटले आणि खांबांपाशी येऊन थांबले, थरथरत, तोंडाला फेस.

एलादियो उठला. कपाळातून रक्त येत होतं. नोल्फा त्याच्यासमोर उभी राहिली.

"पाद्रिनो, त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. ताता त्याला उजवीकडं जुंपतात."

एलादियोनं मारिनेरोचा डोळा बघितला. दुधासारखा पांढरा. त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तेव्हा मी याला डावीकडंच..." तो म्हणाला.

"रडायचं ते संध्याकाळी रडा, कोम्पाद्रे," एर्सिरा म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "आता सोडा आणि नीट जुंपा."

वाद्या पाण्यानं फुगल्या होत्या, गाठी सुटेनात. वेन्चोनं सुरी काढून एक वादी कापली आणि आपला कमरेचा पट्टा दिला. "अरे, तुझी गाडी..." कुणीतरी म्हणालं. "तिला पोहायची हौस होती," वेन्चो म्हणाला, पण तिकडं मान न वळवता. क्लावेल डावीकडं आला, मारिनेरो उजवीकडं.

तेवढ्यात आईनं समुद्राकडं बघितलं आणि हात तोंडावर नेला. रेनकोट हलायचा थांबला होता. होडी दिसत होती, अजून तरंगत होती, पण हलवणारं कुणी नव्हतं.

"वल्ही मारत असेल," ताता मागून म्हणाले. "दोन्ही हात लागतात वल्ह्यांना. म्हणून थांबला." ते कुणाला सांगत होते कोण जाणे.

एलादियोनं पराणी टोचली. क्लावेल निघाला. मारिनेरो निघेना. त्यानं चारी पाय वाळूत रोवले, मान खाली घातली. पुन्हा टोचलं तेव्हा त्यानं एवढ्या जोरानं शिंग झाडलं की माणसं मागं सरली. आई गेली, गोड बोलली, मानेला हात लावायला गेली. त्यानं तिलाही हुसकलं. आता त्याचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्यात त्याची काय चूक?

नोल्फा खांबांच्या पुढं आली.

"मागं हो," आई म्हणाली.

"तो माझ्याबरोबर येईल."

"नोल्फा, मागं हो म्हणते ना!"

"आई, मी उजवीकडून चालणार. लाट डावीकडून येते. मध्ये दोन बैल आहेत. मला लागायच्या आधी त्यांना लागेल." तिनं हे सगळं एका दमात सांगितलं, कारण दम संपला असता तर तिला रडू आलं असतं.

आईनं तातांकडं बघितलं. म्हातारा काठ्यांवर कसाबसा खांबांपर्यंत आला होता. त्याचा एकुलता एक मुलगा तिकडं, नात इकडं. त्याचे ओठ नुसते हलले. सान पेद्रोचं, मच्छीमारांच्या संताचं, नाव घेत असावा.

एर्सिरानं गाड्यावरची दोरी ओढून घेतली, मुलीच्या कमरेला दोन वेढे दिले, गाठ मारली, आणि दुसरं टोक आपल्या हाताला गुंडाळलं. गुंडाळताना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माझा हात तुटला तरी ही सुटणार नाही. माझा हात तुटला तरी."

नोल्फानं बूट काढून टाकले. पाणी शिरलं की बूट जड होतात, हे तिथल्या पोरांना चालायला लागल्यापासून माहीत असतं. ती मारिनेरोच्या उजव्या अंगाला गेली, जिथून त्याला दिसतं तिथं. खिशातलं पीठ ओलं होऊन गोळा झालं होतं. तिनं तेच तळहातावर धरलं. बैलानं हुंगलं. त्याची जीभ खरखरीत आणि गरम लागली. तिनं दुसरा हात त्याच्या मानेवर ठेवला. मान आतून कापत होती.

"चल, मारिनेरो. मी आहे ना. इकडं बघ, माझ्याकडं बघ."

आणि ती चालायला लागली. त्याला ओढलं नाही. नुसती चालायला लागली.

एक पाय पुढं पडला. मग दुसरा. गाड्याची चाकं करकरली. एलादियो आणि ते दोघं गडी होडीत चढले.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा त्या थंडीनं तिचा श्वासच अडकला. गुडघा. मांडी. लाट आली, क्लावेलच्या खांद्यावर फुटली आणि उरलेलं पाणी तिच्या छातीपर्यंत चढलं. पाय वाळूवरून सुटले. कमरेची दोरी ताणली गेली, मारिनेरोच्या मानेवरची कातडी तिनं मुठीत धरली, आणि पाय पुन्हा टेकले. बैल थांबला नाही. त्याचा तपकिरी डोळा तिच्यावर होता.

"आणखी थोडं!" एलादियो होडीतून ओरडत होता. "आणखी थोडं, पोरी! तरंगलीऽ!"

होडी गाड्यावरून उचलली गेली. नोल्फानं मान दाबली तसे बैल उजवीकडं वळले, मोठं अर्धवर्तुळ घेत, रिकामा गाडा मागं. होडी त्यांच्या बाजूनं पुढं गेली. एका लाटेवर ती उभी राहिली, इतकी उभी की सगळ्यांना तिचा तळ दिसला. मग पलीकडं पडली आणि इंजिनाचा आवाज आला.

खांबांपाशी आल्यावर आईनं तिला शालीत गुंडाळलं आणि इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना. मग वाट बघणं सुरू झालं. मुलांनो, यात काहीच घडत नाही, आणि तेच सगळ्यांत अवघड असतं. खडकांवर पाणी उंच उडत होतं. त्या तुषारांच्या मागं दोन्ही होड्या गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. एक बाई जपमाळ ओढत होती. वेन्चोची गाडी आता टपापर्यंत बुडाली होती, आणि त्यालाही ते बघायचं भान नव्हतं.

"बैलांना वर ने आता," कुणीतरी म्हणालं. "गारठतील बिचारे. त्यांचं काम झालं."

नोल्फानं तातांकडं बघितलं. ताता खडकांकडं बघत होते. तिला मघाचं त्यांचं बोलणं आठवलं. आत जाईल रे. बाहेर कशी येईल ते बघ. ट्रॅक्टर पाण्यात, पिकअप पाण्यात. होड्या आल्या, खरंच आल्या, तर लाटांच्या तोंडातून त्यांना वर ओढणार कोण? किनाऱ्याला टेकलेली होडी लगेच ओढली नाही तर पुढची लाट ती उलटी करते, आतल्या माणसांवर.

"नाही नेत," ती म्हणाली. तिनं शालीनं मारिनेरोची पाठ पुसली. मग क्लावेलची.

आणि तेव्हा तुषारांतून एक काळी रेघ बाहेर आली, छोटी होडी. मागं दोरी. दोरीच्या मागं पोर्फियादा, एका बाजूला कललेली, अर्धी पाण्यानं भरलेली. तिच्यात कुणीतरी ओणवं होऊन डबड्यानं पाणी उपसत होतं. बाप आहे की त्याच्याबरोबरचा दुसरा गडी, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. किनाऱ्यावर एकदम आरडाओरडा उठला. आई दोन पावलं पुढं धावली आणि दोरी अजून हाताला आहे हे आठवून थांबली.

त्यांच्या आणि वाळूच्या मध्ये अजून फुटणाऱ्या लाटांचा पूर्ण पट्टा होता.

सगळे बोट दाखवत होते, नावं घेत होते, कोण आहे कोण नाही मोजत होते. नोल्फानं मोजलं नाही. तिनं कमरेची गाठ हातानं चाचपून बघितली, ती घट्ट आहे याची खात्री केली, मारिनेरोच्या दिसणाऱ्या बाजूला गेली, मानेवर हात ठेवला, आणि त्याला घेऊन पुन्हा पाण्यात उतरली.